आमचा साउंडवाला दुसऱ्याच्या दौऱ्यावर चाललाय

प्रश्न : आमचा पाच जणांचा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड आहे. आमच्या भागात बऱ्यापैकी नाव आहे, बाहेर फारसं नाही. गाणी दहा-बारा मिनिटांची, ताल सतत बदलणारे. गेली चार वर्षं एकच साउंड इंजिनिअर आमच्याबरोबर आहे. पैसे जमतील तसे दिले, कधी दिलेही नाहीत, पण तो घरचाच आहे. एरवी तो मोठ्या दौऱ्यांना साउंड पुरवणाऱ्या एका कंपनीसाठी फ्रीलान्स काम करतो. आता त्या कंपनीने त्याला एका मोठ्या बँडच्या आठ आठवड्यांच्या दौऱ्यावर मॉनिटर, म्हणजे वादकांना स्वतःला ऐकू येणारा आवाज, सांभाळायला बोलावलंय. नेमके आमच्या बारापैकी सात कार्यक्रम त्याच काळात येतात. ड्रमर म्हणतो, गेला तर परत घ्यायचं नाही. गायिका म्हणते, त्याला सहावा सदस्य करू, हिस्सा देऊ, म्हणजे राहील. मी कीबोर्ड वाजवते, व्यवहारही मीच बघते. माझ्या मनात वेगळंच आहे : जातोच आहे तर त्या दौऱ्यात आम्हाला ओपनिंग, म्हणजे मुख्य बँडच्या आधी वाजवायची संधी, मिळावी म्हणून त्याला शब्द टाकायला सांगू का? आमची लाइट ऑपरेटर त्याचीच मैत्रीण आहे, तीही जाईल अशी धास्ती आहे. त्याला अडवावं की जाऊ द्यावं?

उत्तर :

‘पैसे जमतील तसे दिले’ आणि ‘तो घरचाच आहे’ हे तुम्ही एकाच दमात लिहिलंय. तिथेच थोडं थांबू या. घरच्या माणसाला आपण तारखा विचारत नाही, गृहीत धरतो. ते सात कार्यक्रम ठरले तेव्हा त्याला तारखा लेखी कळवल्या होत्या का? त्याने ‘हो’ म्हटलं होतं का? की पोस्टर बघूनच त्याला कळलं? पत्रात याचा उल्लेख नाही, म्हणून अंदाज करतो की त्याला कोणी विचारलं नसावं.

दौऱ्यावर काम करणाऱ्या माणसांमध्ये तारखेचा एक साधा शिरस्ता असतो. आधी ‘होल्ड’ : ही तारीख माझ्यासाठी राखून ठेव. मग ‘कन्फर्म’ : ठरलं, पैसे पक्के. होल्ड टाकलेल्या तारखेला दुसरीकडून पक्कं काम आलं, तर तो आधी पहिल्याला फोन करतो आणि विचारतो, कन्फर्म करताय की सोडताय? उत्तर द्यायला साधारण एक दिवस मिळतो. तुम्ही होल्डही टाकला नव्हता, त्यामुळे त्याने तुमची तारीख मोडली असं म्हणता येणार नाही. फ्रीलान्स माणसाला आठ आठवडे सलग काम मिळणं ही चैन नाही, त्यावर त्याचं पुढचं वर्ष उभं असतं. अडवणं तुमच्या हातात नाही आणि ते शोभणारही नाही.

मला वाटतं खरा प्रश्न वेगळा आहे. तो गेला तर तुमचं नेमकं काय जातं?

चांगले कान जातात, असं तुम्ही म्हणाल. चांगले कान इतरांनाही असतात. जे जातं ते त्याच्या डोक्यात साठलेलं आहे : कोणत्या गाण्यात गिटार आधी आत घ्यायची, कोणत्या ठिकाणी बेसचा एक सूर घुमतो, गायिकेला कानात ड्रम किती नको असतात, तिसऱ्या गाण्याच्या मधल्या भागात कीबोर्डचा आवाज अचानक का वाढतो. चार वर्षांत यातलं काहीच कागदावर उतरलेलं नसणार. त्यामुळे तो तुमच्यासाठी माणूस कमी आणि कुलूप जास्त झालाय, किल्लीही त्याच्याच खिशात. त्याच्या जाण्याआधीचे आठवडे भांडणात घालवण्यापेक्षा ते सगळं बाहेर काढण्यात घालवा. दोन संध्याकाळी पुरतात. त्या दोन्ही संध्याकाळचे पैसे त्याला द्या, कार्यक्रमाच्या दिवसाचे देता तेवढेच.

पहिल्या संध्याकाळी इनपुट लिस्ट, म्हणजे स्टेजवरून साउंडकडे जाणाऱ्या प्रत्येक आवाजाची यादी. पाच जणांच्या बँडची साधारण अशी निघते : किकचे दोन माइक, स्नेअर वरून-खालून दोन, हाय-हॅट एक, टॉम तीन, ओव्हरहेड दोन, म्हणजे ड्रम दहा. बेसचा डीआय (वाद्य माइकशिवाय थेट जोडणारी छोटी पेटी) आणि माइक धरून बारा. इलेक्ट्रिक गिटार स्टिरिओ असेल तर चौदा, अकूस्टिक पंधरा. तुमचे दोन कीबोर्ड स्टिरिओ, एकोणीस. मागे वाजणारे रेकॉर्ड केलेले ट्रॅक दोन, क्लिक (वादकांच्या कानातली ताल मोजणारी टिकटिक) एक, गाणारे तीन, आपापसांत बोलायचा टॉकबॅक एक. झाले सव्वीस. ३२ इनपुटच्या स्टेजबॉक्समध्ये (स्टेजवरच्या केबली जोडायच्या पेटीत) हे बसतं आणि सहा शिल्लक राहतात. प्रत्येक ओळीपुढे चार गोष्टी लिहा : माइक किंवा डीआय कोणता, ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) लागते का, स्टँड कोणता (लांब, आखूड की क्लिप), आणि तो माइक मिळाला नाही तर दुसरा कोणता चालेल. हा शेवटचा रकाना बहुतेक बँड सोडतात आणि नेमका तोच लागतो.

लिस्टबरोबर स्टेज प्लॉट. वरून दिसणारं स्टेजचं साधं चित्र : कोण कुठे, वीज कुठे आणि किती सॉकेट, ड्रमच्या रायझरचं माप. चित्रावर तारीख घाला. आयोजकाकडे मागच्या वर्षीचा प्लॉट पोहोचला की स्टेजवाले चारच सदस्यांसाठी माइक लावतात आणि पाचवा उभाच राहतो.

‘शो फाइल पेनड्राइव्हवर आहे, ती देईन’ असं तो म्हणेल. शो फाइल म्हणजे कन्सोलवर, त्याच्या मिक्सिंगच्या टेबलावर, साठवलेली मांडणी. घ्या, पण त्यावर विसंबू नका. एका कंपनीच्या कन्सोलची फाइल दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवर उघडत नाही. त्याच कंपनीचं वेगळं मॉडेल किंवा जुनं सॉफ्टवेअर असलं तरी कधी अर्धवट उघडते, आणि अर्धवट उघडलेली फाइल न उघडलेल्या फाइलपेक्षा वाईट, कारण चूक गाणं सुरू झाल्यावर सापडते. शिवाय गेन (येणारा आवाज किती वाढवायचा) आणि इक्यू (खर्ज आणि तार किती ठेवायचे) त्या त्या हॉलचे असतात. कागदावर काय उतरवायचं, तर जे कुठेही नेलं तरी खरं राहतं. गायिकेचा लो-कट (खालचा खर्ज कापणं) किती हर्ट्झवर, कोणत्या गाण्यात कोणता डिले (आवाजाचा प्रतिध्वनी) आणि किती मिलिसेकंद. टेंपो १२० असेल तर चतुर्थांश सुराचा डिले ५००, ठिपक्याच्या अष्टमांशाचा ३७५. हे आकडे बदलीवर येणाऱ्या माणसाला आयते मिळाले तर तो चालू गाण्यात बोटाने टॅप करत बसणार नाही.

आता एक गोष्ट खास तुमच्यासाठी, कारण कीबोर्ड तुम्हीच वाजवता. बऱ्याच बँडमध्ये इंजिनिअरची ‘जादू’ म्हणजे कीबोर्डवाल्याचे पॅच, म्हणजे कीबोर्डमध्ये साठवलेले वेगवेगळे आवाज, सांभाळणं असतं. ऑर्गनचा पॅच एका लेव्हलला, स्ट्रिंगचा त्याहून ६ डीबी वर, लीड सिंथ आणखी वर. तो चार वर्षं तुमच्या फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवर) बोट ठेवून बसलेला असतो आणि पॅच बदलायच्या आधी अर्धा सेकंद हात खाली घेतो. नव्या माणसाला ते माहीत नसतं. सिंथ सुरू होतो आणि गायिका बुडते. यावर उपाय इंजिनिअरकडे नाही, तुमच्या कीबोर्डमध्ये आहे. सगळे पॅच एकामागून एक मीटरवर वाजवा, सरासरी सारखी आणा, लीड फक्त २-३ डीबी वर ठेवा आणि सेव्ह करा. हेडफोनवर करू नका, तालमीच्या स्पीकरवर खऱ्या आवाजात करा. कमी आवाजात खर्ज कमी ऐकू येतो, मग तुम्ही तो वाढवता आणि हॉलमध्ये तो अंगावर येतो.

दुसरी संध्याकाळ क्यू शीटची, म्हणजे गाण्यात कुठे काय करायचं ते सांगणाऱ्या कागदाची. इथे प्रोग्रेसिव्ह रॉकचं दुखणं सुरू होतं. चार-चार मात्रांची गाणी कोणीही ऐकता ऐकता पकडतो, सात आणि पाचची आवर्तनं पाठ असल्याशिवाय हाती लागत नाहीत. लाइट ऑपरेटर बदलली तर काय होईल ते बघा. गाणं ७/८ मध्ये आहे आणि ती सवयीने चार-चार मोजतेय. तुमचं आवर्तन सात अष्टमांशांचं, तिचं आठचं. पहिली सम दोघांची एक. दुसऱ्या समेला ती एक अष्टमांश मागे, तिसऱ्याला दोन, पाचव्याला चार. टेंपो १२० असेल तर चार अष्टमांश म्हणजे अख्खा एक सेकंद. पाचव्या आवर्तनावर पडायचा पांढरा झोत गिटारवर न पडता गिटारनंतरच्या शांततेत पडतो. गंमत म्हणजे तुमची आठ आवर्तनं संपली की तिची सात संपतात आणि दोघं पुन्हा एकत्र येतात. म्हणून तिला वाटतं, आपण बरोबरच मोजत होतो, बँडच मध्ये चुकला.

म्हणून क्यू शीट मिनिट-सेकंदात लिहू नका, आवर्तनांत लिहा : ‘दुसरं कडवं संपलं, ७/८ ची आठ आवर्तनं, पाचव्याच्या समेवर झोत, आठव्यानंतर ५/४ चार वेळा, मग शांत.’ तुम्ही क्लिकवर वाजवत असाल तर क्लिकबरोबर बोललेल्या सूचनांचाही एक ट्रॅक करा : ‘सोलो, चार, तीन, दोन’. तो साउंड आणि लाइट या दोघांच्याही हेडफोनमध्ये सोडा. एका जादा केबलचं काम. मात्र सूचनांचा ट्रॅक मुख्य स्पीकरला कधीही जोडू नका. त्या चॅनलवर टेप लावा, रंगीत. क्लिक प्रेक्षकांत गेला तर लोक हसतात, सूचना गेल्या तर लोक त्या तुमच्याबरोबर म्हणतात.

कानातल्या मॉनिटरचं वेगळं बघावं लागेल. सध्या तुमचा इंजिनिअर समोरचा साउंड आणि तुमचे पाच इन-इअर मिक्स एकाच कन्सोलवरून करत असेल. १६ बस (मिक्स बाहेर काढायच्या वाटा) असलेल्या कन्सोलवर पाच स्टिरिओ मिक्समध्ये दहा बस जातात, चार इफेक्टला, दोन उरतात. नवा माणूस पहिल्या दिवशी पाच जणांचे कान आणि समोरचा हॉल दोन्ही करणार, ही अपेक्षाच चुकीची. पैसे साठवून एकच मोठी वस्तू घ्यायची असेल तर स्वतःची इन-इअर रॅक घ्या : छोटा रॅक मिक्सर, स्प्लिटर (एकच आवाज दोन ठिकाणी नेणारी पेटी) आणि हाउसच्या, म्हणजे हॉलच्या साउंडच्या, स्टेजबॉक्सला जोडायच्या पाच मीटरच्या केबलींचा जुडगा, प्रत्येक टोकावर इनपुट लिस्टचाच नंबर. मग प्रत्येक जण आपला मिक्स फोनवरून करतो आणि साउंडला कोणीही असला तरी तुमच्या कानात दर कार्यक्रमाला तेच येतं.

यात तीन ठिकाणी ठेच लागते. ट्रान्सफॉर्मर असलेल्या स्प्लिटरमध्ये फँटम पॉवर फक्त सरळ जोडलेल्या बाजूने जाते. ती बाजू तुमच्या रॅककडे असेल आणि रॅक बंद असेल, तर हाउसला ओव्हरहेड आणि अॅक्टिव्ह डीआय मिळतच नाहीत, आणि वीस मिनिटांच्या चेंजओव्हरमधली (दोन बँडमधल्या बदलातली) आठ मिनिटं हाउसवाले बिचारे केबल बदलत बसतात. कोणती बाजू सरळ आहे ते रॅकवर मोठ्या अक्षरात लिहा. दुसरं, कुणी ‘स्प्लिट कशाला, आमचेच प्रीअॅम्प वापरा’ म्हणालं तर आधी विचारा की गेन कोणाच्या हातात. समोरच्याने गेन हलवला की तुमच्या पाचही कानांत उडी बसते. तिसरं, वायफाय. राउटर ५ गिगाहर्ट्झवर चालवा, नाव लपवा आणि तो रॅकच्या बाहेर, वर ठेवा. २.४ वर प्रेक्षकांच्या शेकडो फोनची गर्दी असते. दुपारी साउंडचेकला सगळं सुरळीत चालतं आणि संध्याकाळी हॉल भरला की मिक्स हलेनासा होतो.

बदलीचा माणूस त्यालाच सुचवू द्या. तो नाखूश होऊन गेला नसेल तर चांगलं नाव देईल, कारण परत आल्यावर फेडर त्यालाच हातात घ्यायचे आहेत. नव्या माणसाने एका कार्यक्रमात नुसतं त्याच्या शेजारी उभं राहून ऐकावं, हातात क्यू शीट घेऊन. पुढच्यात नव्याने मिक्स करावं आणि जुन्याने हात खिशात ठेवावेत. तिसऱ्यापासून एकटा. तारखा जुळत नसतील तर निदान एक पूर्ण तालीम अशी करा. सातही कार्यक्रम रेटायलाच हवेत का, हेही बघा. ज्या ठिकाणी हाउसचा इंजिनिअर चांगला आहे आणि साउंडचेकला दीड तास मिळतो ते ठेवा. पाच बँडचा महोत्सव, फक्त लाइन चेक (प्रत्येक ओळ चालते का एवढंच बघणं) आणि नवा माणूस, हे तिन्ही एका दिवशी आलं तर तिथे तुमचं सगळ्यात अवघड गाणं वाजवू नका.

लाइट ऑपरेटरला आजच विचारा. ‘तूही जाणार का’ असं नको. ‘या बारा तारखा, हे पैसे, कन्फर्म करू का’ असं. धास्ती घेऊन बसण्यापेक्षा हा फोन सोपा आहे.

आता हिस्स्याचं. गायिकेचा हेतू चांगला आहे, पण हिस्सा म्हणजे उरलेल्यातला वाटा आणि तुमच्याकडे उरतं किती? ज्याला वेळेवर मोबदला मिळालेला नाही त्याला नफ्यातला वाटा देऊ करणं म्हणजे जुनी उधारी नव्या नावाने वाढवणं. शिवाय सदस्य झाला की नुकसानही त्याचं. त्याला हवं असेल ते फार साधं आहे : दर कार्यक्रमाचा ठरलेला आकडा, प्रवासाच्या दिवसाचा निम्मा, जेवण-राहणं बँडकडून, पैसे कार्यक्रमानंतर सात दिवसांत. तारीख ३० दिवस आधी कन्फर्म. १४ दिवसांच्या आत रद्द झाली तर निम्मे पैसे, तीन दिवसांच्या आत झाली तर पूर्ण. एका पानात बसतं, दोघांच्या सह्या. आणि एक ओळ नक्की घाला : लोड-आउट केलेला माणूस त्या रात्री गाडी चालवणार नाही. पहाटे दोनला शेवटची पेटी गाडीत टाकून त्यानेच स्टिअरिंग धरायचं, ही छोट्या बँडची सगळ्यात धोक्याची काटकसर आहे.

ही काटकसर फक्त लहान बँडच करतात असं नाही, पण मोठे दुसऱ्या टोकालाही जातात. एमर्सन, लेक अँड पामर हे प्रोग्रेसिव्ह रॉकमधले तिघे १९७७ मध्ये अख्खा ऑर्केस्ट्रा घेऊन दौऱ्यावर निघाले आणि खर्च झेपेना म्हणून थोड्याच कार्यक्रमांनंतर ऑर्केस्ट्रा सोडून तिघंच पुढे गेले. इन-इअर रॅक घेताना हे आठवलं तर बरं : जी वस्तू दर कार्यक्रमाला माणूस आणि गाडीतली जागा वाढवते, ती फुकट मिळाली तरी महाग असते.

ओपनिंगच्या शब्दाबद्दल मी स्पष्टच सांगतो : टाकायला सांगू नका. ओपनिंगला कोण, हे मुख्य बँडचं मॅनेजमेंट, बुकिंग एजंट आणि प्रमोटर ठरवतात. मॉनिटरवर नवा आलेला माणूस पहिल्या आठवड्यात आपल्या मित्रांची शिफारस करू लागला तर त्याचंच वजन कमी होतं. क्रूचा शब्द चालतो, पण वेगळ्या वेळी. कुणीतरी विचारतं, ‘हे लोक कसे आहेत?’ आणि उत्तर येतं, ‘लिस्ट बरोबर पाठवतात, वेळेत संपवतात, स्टेजवर वाद घालत नाहीत.’ ते उत्तर तुम्ही आतापासून कमवू शकता. ओपनिंगला साधारण तीस मिनिटं मिळतात, मुख्य बँडच्या ड्रमपुढची पट्टी, मोजके चॅनल आणि लाइट जवळपास नाहीच. तुमच्या बारा मिनिटांच्या गाण्यांत तीस मिनिटं म्हणजे अडीच गाणी. म्हणून २६ ऐवजी १४ चॅनलची दुसरी लिस्ट आताच तयार ठेवा : ड्रमला किक, स्नेअर आणि दोन ओव्हरहेड, बेस फक्त डीआय, गिटार मोनो, तुमचे दोन्ही कीबोर्ड एका छोट्या मिक्सरमधून दोन ओळींत, ट्रॅक दोन, क्लिक एक, गाणारे तीन. आणि २७ मिनिटांचा सेट, घड्याळ लावून बसवलेला. उरलेली तीन मिनिटं चढण्या-उतरण्यात जातातच.

राहिला ड्रमर. ‘गेला तर परत घ्यायचं नाही’ हे रागाचं वाक्य आहे, पण त्याच्या रागात एक खरी भीती असावी : मोठं स्टेज पाहून आलेल्या माणसाला आपण लहान वाटू. त्याला या शैलीचा इतिहास सांगा. पिंक फ्लॉइडने १९६९ च्या दुहेरी अल्बमच्या मागच्या बाजूला स्वतःचा फोटो छापला नाही. गाडी, जमिनीवर मांडलेलं सगळं सामान आणि शेजारी आपले दोन रोडी (दौऱ्यावर सामान सांभाळणारे मदतनीस), एवढंच छापलं. येस या बँडबरोबर सुरुवातीला गाडी चालवायला आलेला मायकेल टेट पुढे त्यांचे लाइट बघू लागला, १९७८ च्या दौऱ्यासाठी त्याने प्रेक्षकांच्या मधोमध फिरणारं गोल स्टेज बनवलं आणि त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या लिटिट्झ गावात स्वतःची स्टेज बांधणारी कंपनी काढली. बाहेर शिकलेलं तो माणूस परत आणतो आणि कधी बँडपेक्षा मोठाही होतो. तुमचा माणूस आठ आठवडे दुसऱ्या कोणाचे तरी कान सांभाळून येईल. परतल्यावर त्याला दिसेल की तुमची रॅक चुकीच्या क्रमाने लावलीय, आणि तो ते बोलून दाखवेल. बोलू द्या.

तो नसताना नवा माणूस जे काही बदलेल, म्हणजे एखादा माइक, गायिकेचा लो-कट, तिसऱ्या गाण्याचा डिले, ते त्याच शीटवर लाल शाईने, तारखेसह लिहायला सांगा. जुनी ओळ खोडू नका, एक रेघ मारा फक्त. परत आल्यावर पहिल्या साउंडचेकच्या तासभर आधी तो कागद त्याच्या हातात द्या, आणि त्या दिवसाचे पैसेही.